चाळीस होकार

"दाजी, तिकडून उचला जरा," रविंद्र म्हणाला. प्रशीलने मशीन धरली होती खरी, पण उचलायला नाही, अडवायला.

केळीचे वेफर्स पाडायची ती मशीन अमळनेरच्या गाळ्यात सात महिन्यांपासून गप्प पडली होती. बाहेर टेम्पो उभा. धुळ्याचा हा मेहुणा, बायको संघमित्राचा एकुलता भाऊ, उद्या कारकुनाच्या पक्क्या नोकरीचा राजीनामा देणार होता. मशीन देत नाही म्हणावं, तर दुसरीकडून आणीन, असं तो आधीच सांगून बसलेला. आता बोलून काय डोंबल होणार होतं, पण प्रशीलला राहवेना.

"रवी, नको करूस. माझं काय झालं ते बघतोयस ना?"

"चाळीस जणांना विचारलंय. सगळे म्हणाले, कर."

"कोण चाळीस?"

"मामा, काका, आपल्या ग्रुपवरचे."

म्हणजे एका पंगतीत जेवणारेच की सगळे. एकाने हो म्हटलं की बाकीचे माना डोलावणार. प्रशीलनेही त्यांनाच विचारलं होतं, तेच मामा आणि तेच काका.

"धंदा बंद पडलेल्या एकाला तरी विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? ते नाहीच म्हणणार." रविंद्रने शेवटचा बोल्ट सोडवला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "आणि दाजी, तुमची गोष्ट वेगळी."

प्रशीलने हात काढून घेतले. मशीन टेम्पोत चढली, संघमित्राने भावाच्या हातात डबा दिला आणि टेम्पो धुळ्याच्या रस्त्याला लागला.

रिकाम्या गाळ्यात उभं राहून त्याने शिंदखेड्याला आधारनानांना फोन लावला. त्यांचा वेफर्सचा धंदा बसला, तेव्हा मशीन त्यांच्याकडूनच आणलेली. त्या दिवशी म्हातारा हात जोडून "नको घेऊ" म्हणाला होता. प्रशीलला वाटलं होतं, जळतोय मेला. त्यानंतर आज पहिल्यांदाच तो त्यांच्याशी बोलत होता.

"नाना, मशीन गेली. मेहुण्याने नेली."

"त्याले बठ्ठं सांगं ना तू?"

"सगळं सांगितलं. म्हणाला, तुमची गोष्ट वेगळी."

"तूबी हाईच म्हणेल व्हता, भाऊ."

"हो, नाना. तेव्हा मीही तुम्हाला हेच म्हणालो होतो."

"मंग नंबर बदलू नको. दोन वरीसमा त्या मेहुणानाबी फोन येई तुले."