कुणी विचारलं असतं तर

ताईला खून बघायला आवडतात, असं तिचा नवरा चारचौघांत हसून सांगायचा. खरं तर तिला रक्त बघवत नसे. शिलाईच्या दुकानात सुई बोटात गेली तरी ती तोंड फिरवायची. पण संध्याकाळी टीव्हीवर छोट्या गावातल्या गुन्ह्यांची मालिका लागली, की ताई जागची हलत नसे.

मालिकेतला फौजदार पोट सुटलेला, मवाळ माणूस. लोकांच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसायचा, चहा घ्यायचा आणि विचारत राहायचा. खुनी कोण, याच्याशी ताईला घेणंदेणं नव्हतं. कुणीतरी घरी येतं, विचारतं आणि सांगितलेलं खरं धरतं, एवढंच तिला पुरे होतं.

धाकटी बहीण सासरच्या जिन्यावरून पडून गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. ओल्या पायरीवर चप्पल घसरली, असं मेहुण्यानं सांगितलं आणि विषय मिटला. ताई धावत गेली, तेव्हा धाकटीच्या दोन्ही चपला दाराशी, कोरड्या ठणठणीत होत्या. ते तिला कुणी विचारलंच नाही.

मेहुण्याचं दुसरं लग्न ठरल्याचं कळलं, तशी ती उठून चौकीत गेली. साहेबांनी बसायला सांगितलं, तेवढ्यानंच तिला भरून आलं. तिनं चपलांचं सांगितलं, धाकटीच्या दंडावरच्या वळांचं सांगितलं.

"वर्षभर कुठे होता तुम्ही?"

"आले होते की. बाहेरूनच परत पाठवलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, टीव्हीवर त्या मालिका बघता का हो?"

"बघते," ताई बोलून गेली.

"तरीच!" हवालदार फिस्सकन हसला.

"त्या मालिका डोक्यात गेल्यात तुझ्या," घरी नवराही म्हणाला.

पुढच्या आठवड्यात नव्या नवरीचे कपडे नेमके ताईच्याच दुकानात शिवायला आले. माप देता देता मुलगी सहज म्हणाली, "तुमची बहीण फार वेंधळी होती म्हणे."

"नव्हती गं."

मुलगी वळून बघायला लागली. पण तिची आई मध्येच म्हणाली, "चल, आवर. अजून दागिने बघायचेत."

त्या संध्याकाळी फौजदार एका मेलेल्या मुलीच्या बहिणीसमोर बसला होता. "कशी होती हो ती?" त्यानं हळूच विचारलं.

पडद्यावरची बहीण तोंड उघडायच्या आत ताईच बोलायला लागली. धाकटी मांजरासारखी चालायची, पायरीवर तिचा आवाजसुद्धा यायचा नाही, लहानपणी भिंतीच्या कडेवरून पळायची...

नवऱ्याला मालिकेतलं पुढचं ऐकू येईना. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.