डावा हात जेवणाचा

मी डास बोलतेय. ‘बोलतोय’ नव्हे. आमच्यात चावायचं काम बायकांकडे असतं, पुरुष नुसते गोड रस पीत फिरतात. पुढचा शब्द न् शब्द खरा आहे, खोटा निघाला तर माझी सोंड गळून पडो. आता पोट भरलं की मला डुलकी लागते, तेव्हा अधलंमधलं थोडं शेजारणींकडून ऐकलेलं आहे. आणि शेजारणी फेकतात.

माझा जन्म ब्रिस्बेनजवळच्या एका लष्करी प्रयोगशाळेत, पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात झाला. खानदान सॉलोमन बेटांवरचं. तिकडे आमच्या जातीनं मलेरिया पसरवून नाव काढलंय. आम्ही पिंजऱ्यातल्या मात्र स्वच्छ, पोटात तापाचा एक जंतू नाही. आम्हाला संध्याकाळ झाल्याशिवाय भूक लागत नाही, म्हणून इथे दिवे मंद करून सकाळी दहालाच संध्याकाळ पाडतात. सरकारी माणसांना पाचला घरी जायचं असतं.

आम्हाला वाढवलं डॉक्टर ब्रॉन्विन टील यांनी. वय अठ्ठावन्न, चष्मा गळ्यात दोरीला. रोज त्या डावा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात घालायच्या आणि उजव्या हातानं शब्दकोडं सोडवायच्या. आम्ही साठ जणी पंगतीला बसायचो.

“सावकाश गं. मी कुठे पळतेय?” त्या म्हणायच्या.

तर आमच्याकडे जेवण डाव्या हातानं. उजवा हात परीक्षेचा.

परीक्षा मलमाची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या टॉरेस बेटांवरचा सार्जंट अलू मॉस्बी दहा दिवसांनी आपली अठ्ठावीस जणांची तुकडी घेऊन सॉलोमनला जाणार होता, पुरात वाहून गेलेले पूल बांधायला. मागच्या खेपेला त्याची अकरा पोरं तापानं फणफणत परतली. बारावा परतलाच नाही.

“मलम दिलं होतं ना तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“दिलं होतं. माझ्या घड्याळाचा पट्टा वितळला त्यानं. मग पोरांनी त्यानं बुटाला चिकटलेलं च्युइंगम काढलं.”

“आणि अंगाला?”

“अंग सोडून सगळीकडे लावलं, बाई.”

म्हणून बाईंनी नवं मलम केलं होतं. चिकटत नाही, काही वितळवत नाही, वास जरा ओल्या मेंढीसारखा. ते सहा तास टिकायला हवं होतं. दर अर्ध्या तासाला मलम लावलेला उजवा हात तीन मिनिटं पिंजऱ्यात. पहिला चावा बसला की खेळ खलास.

पहिल्या परीक्षेत चार तासांनी मीच चावले. बाईंनी वहीत लिहिलं, ‘नापास’.

“आता?” अलूनं विचारलं.

“आता पुन्हा.”

पण त्यांचा चेहरा असा उतरला की पिंजऱ्यात तातडीची सभा भरली. जिचं रक्त खाल्लं तिच्याशीच बेइमानी? ठराव एकमतानं मंजूर झाला: काही झालं तरी चावायचं नाही.

दुसऱ्या परीक्षेला आम्ही साठही जणी सहा-सहा पाय आवरून जाळीवर बसून राहिलो. तब्बल सहा तास. अलूनं टेबलावर ताल धरला. “झालं काम! डबे भरायला सांगू?”

“थांब जरा.” बाईंनी मलम न लावलेला डावा हात आत घातला. जेवणाचा हात. आमच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण ठराव म्हणजे ठराव. कुणी हललं नाही.

बाईंनी वही ओढली. “निकाल बाद.”

“अहो, साठ डास गप्प बसलेत!”

“कोऱ्या हातावरही गप्प बसलेत. म्हणजे मलमानं काही केलेलं नाही. या लाडावल्यात.”

“गुरुवारी विमान आहे, डॉक्टर. कोण विचारणार आहे?”

“तिकडचे डास. ते माझ्या ओळखीचे नाहीत, अलू.”

अलू स्टुलावर बसला. त्यानं आपलं घड्याळ नसलेलं मनगट चोळलं. मग म्हणाला, “बरं. मी काय करू?”

“मेण वितळव. मलम पुन्हा पहिल्यापासून.”

मला सोंड वर करायची लाज वाटली. आमची माया त्या पोरांच्या जिवावर उठली होती. पुन्हा सभा, नवा ठराव: जीव गेला तरी चावायचं.

बाई चार दिवस मेण बदलत होत्या, तेल बदलत होत्या. बुधवारी तिसरी परीक्षा झाली. आयुष्यात मी इतकी मेहनत केली नाही. वरून गेले, कोपराकडून गेले, नखाच्या कडेनं गेले. हात समोर होता, पण पिंजऱ्यात कुणी खुर्ची आणून ठेवावी तसा. एक तास. तीन. पाच. माझा एक पाय मोडला. सहा. साडेसहाव्या तासाला अंगठ्याजवळ एक जागा सापडली आणि मी सोंड खुपसली.

“आई गं!” बाई ओरडल्या आणि हसायलाच लागल्या. मग कोरा डावा हात आत आला, आणि आम्ही अशा तुटून पडलो की अलूनं मान फिरवली. वहीत लिहिलं गेलं, ‘पास’.

तीन आठवड्यांनी अलूचा फोन आला. “अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उभे आहेत, डॉक्टर. एकालाही ताप नाही. पोरं विचारतायत, मेंढीचा वास घालवता येईल का?”

“नाही,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग चष्मा पुसत बसल्या, पुसलेलाच.

आता मी पाच आठवड्यांची आहे, म्हणजे तुमच्या हिशेबानं नव्वदीची. पंख फाटलेत. लष्कराची प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना बॉम्ब आणि रॉकेट दिसतात, फोडांनी भरलेला बाईंचा हात कुणाला दिसत नाही. तो एकदा बघा, आणि मग ठरवा अशी माणसं कशाला पोसायची ते.

बाई आज रजेवर आहेत, गेल्या दोन वर्षांतली पहिली. आणि तुम्ही गोष्ट अख्खी ऐकलीत. फुकट ऐकायची पद्धत आमच्या पिंजऱ्यात नाही. बाही वर करा. डावा हात चालेल. मलम लावलं असेल तर आधी साबणानं धुऊन या.