वारा सरेपर्यंत

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना वाटतं, काही झालंच नाही. जोतीरामला बघायला गडमुडशिंगीतली निम्मी गल्ली कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात येऊन गेली, आणि प्रत्येकानं पांघरूण सारून त्याच्या पोटावरच्या तीन चिकटपट्ट्या बघितल्या. "एवढंच व्हय?" शेजारच्या चिमणाबाई जरा नाराजीनंच म्हणाल्या. "आमच्या जावंला वीतभर चिरलतं." जणू जोतीरामनं त्यांना फसवलंच होतं.

त्याची बायको वर्षाराणी उशाशी खुर्चीत बसून सगळ्यांना तेच तेच सांगत होती. भोकं बारीक आहेत, पण अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. पोटभर पू पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून ते काढलं, पोट आतून धुतलं, कुशीत नळी ठेवली. तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सांगून सांगून तिची जीभ जड झाली होती. लोक मान डोलवायचे आणि जाताना शहाळं ठेवून जायचे.

सगळं अडलं होतं वाऱ्यावर. आतडी अजून झोपलीत, असं डॉक्टर प्रमोदिनी म्हणाल्या होत्या. ती जागी झाली की वारा सरेल, मग चमच्यानं पाणी सुरू करू. "पण उद्या सकाळपर्यंत सरला नाही, पोट असंच फुगत राहिलं, तर परत आत बघावं लागेल. आणि या वेळी कदाचित पोट उघडूनच."

म्हणून वर्षाराणी त्याला धरून व्हरांड्यात फेऱ्या घालत होती. एका हातात नवरा, दुसऱ्या हातात सलाईनचा स्टँड. दर फेरीला विचारायची, "सरला?" तो मान हलवायचा. लग्नात उखाण्यात ज्याचं नाव घेताना तिची बोबडी वळली होती, त्याला ती आता दिवसभर हेच विचारत होती. लाज कधीच संपली होती. झोप संपली होती, भूक तर कुठं गेली कुणास ठाऊक.

सासरे आकाराम वर येतच नव्हते. ते खाली पार्किंगजवळच्या कट्ट्यावर बसून असत. सकाळी म्हशीची धार काढायची, दूध तापवायचं, किटली भरून आणायची आणि वॉचमनच्या हाती वर धाडायची. वर्षाराणी ती झाकणसुद्धा न उघडता परत पाठवायची. पाण्याचा थेंब बंद असलेल्या माणसाला दूध! तिच्या मस्तकात जायचं.

पण खरा राग दुधाचा नव्हता, एरंडेलाचा होता. जोतीरामच्या पोटात कळ आली तेव्हा तो गोठ्यातच वाकडा झाला होता. आकारामांच्या घरात पोटाच्या कुठल्याही दुखण्याला एकच औषध, चहातून एरंडेल. त्यांनी बाटली काढली, वर्षाराणीनं चहा ठेवला. जोतीराम नाक दाबून प्याला, रात्रभर तळमळला आणि सकाळी कळ एकदम थांबली. "बघ, उतरलं की!" आकाराम गल्लीभर सांगत सुटले. तीही हसली होती. कळ थांबली ती आत फुटल्यामुळं, हे ताप चढून तो बरळायला लागल्यावर, दवाखान्यात आल्यावर कळलं.

"अशा वेळी जुलाब दिला की अपेंडिक्स फुटू शकतं. एरंडेल कुणी दिलं?" डॉक्टर प्रमोदिनींनी विचारलं, तेव्हा आकाराम भिंतीकडं बघत राहिले. त्यानंतर ते जिना चढले नाहीत. वर्षाराणीनंही बोलावलं नाही. तिनं मनात एक वाक्य धरून ठेवलं होतं. तुमच्या औषधानं माझा नवरा मेला असता. कधीतरी ते त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं.

दुपारच्या फेरीत जोतीराम मधेच थांबला. त्यानं खिडकीचा गज धरला, तोंड वाकडं केलं. तिला वाटलं, संपलं, आता परत फाडणार. आणि मग आवाज झाला. चांगला लांबलचक. जवळच्या बाकावर डुलकी घेणारा म्हातारा दचकून जागा झाला.

"सरला," जोतीराम म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

डॉक्टर प्रमोदिनींनी येऊन त्याचं पोट दाबून बघितलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "झाली जागी. आता परत आत जायची गरज नाही. चमचा चमचा पाणी द्या." वर्षाराणीनं पहिला चमचा दिला. निम्मं पाणी उशीवर सांडलं.

मग ती जिना उतरून खाली आली. तिला बघून आकाराम ताडकन उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डोक्यावर पदर ओढून ती जमिनीकडं बघत पुटपुटली. त्यांना ऐकू गेलं नाही. "काय झालं? बोल की पोरी!"

"वारा सरला, मामा!" ती ओरडलीच. गेटवरचा वॉचमन वळून बघायला लागला.

आकाराम मटकन खाली बसले. मग म्हणाले, "मी मारलाच हुता गं त्येला."

तिनं इतके दिवस जपून ठेवलेलं वाक्य त्यांनीच बोलून टाकलं. आता तिच्याकडं फेकायला काही उरलं नाही. सासऱ्यासमोर ती कधी बसली नव्हती. आज ती त्यांच्या शेजारीच कट्ट्यावर टेकली.

"चहा म्या केलता, मामा," ती म्हणाली.

शेजारची किटली उचलून आकाराम टपरीवर गेले, दूध परत गरम करून आणलं आणि झाकणात ओतून तिच्यापुढं धरलं.

"त्यांला दूध न्हाय चालत अजून," ती थकून म्हणाली. "किती बारी सांगायचं? पाणीच द्यायचंय."

"त्येला न्हाय चालत, ते मलाबी कळतंय की," आकाराम म्हणाले. "तू काय खात न्हाईस, असं चिमणाबाई म्हणत हुती. रोजचं दूध तुझंच हुतं."

वर्षाराणीनं झाकण हातात घेतलं. दूध चांगलंच पोळत होतं. ती फुंकर न घालताच प्यायली आणि रिकामं झाकण परत त्यांच्यापुढं केलं.