वरच्या शेताचं पाणी

धाकट्या साडूने एका शब्दात होकार दिला, तिथेच थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. “सोडा की पाणी आमच्या चरात, भाऊ. आपलंच शेत आहे,” असं म्हणून तो वर हसलाही होता. जो माणूस शिडी उसनी देताना पायऱ्या धड आहेत हे आधी दाखवून ठेवतो, तो दुसऱ्याच्या पाण्याला आपल्या शेतातून फुकट वाट का देईल, याचं उत्तर थोरल्याला त्या रात्री सापडलं नाही. त्यामुळे झोपही सापडली नाही.

शेत सासऱ्यांचं. उताराचं, आणि माती अशी चिकट की पावसाळ्यात त्यात रुतलेला पाय बाहेर यायचा, बूट आतच राहायचा. अशा चिबड जमिनीत पाणी आटेपर्यंत हात बांधून बसायचं आणि मग उशिरा गहू पेरायचा, ही तिथली जुनी रीत. उशिराच्या गव्हाचा दाणा भरायची वेळ येई, तोवर जमिनीतली ओल संपलेली असे, आणि हाती यायचा तो चेपलेला, सुरकुतलेला गहू. या वर्षी शेतीखात्याच्या सल्लागार बाई येऊन सांगून गेल्या, की रुंद गादीवाफे करा, मध्ये सऱ्या ठेवा, जादा पाणी सऱ्यांतून खाली चरात जाऊ द्या आणि पेरणी लवकर उरका. तो चर खालच्या शेतातून ओढ्याला मिळत होता.

सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून शेत जावयांकडे आलं होतं. वरचा अर्धा भाग थोरल्याकडे, खालचा धाकट्याकडे. धान्य दोन्ही मुलींना सारखं, पण असं दोन हातांनी शेत होत नाही, असं म्हातारबांचं मत होतं. गहू निसवला, ओंब्या बाहेर पडल्या, की मी येऊन बघेन, त्यात ज्याचं काम दिसेल त्याने पुढे सगळं शेत करावं, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. थोरला नोकरीतून मोकळा झाला होता आणि घरात त्याला करण्यासारखं काम म्हणजे इतरांच्या चुका काढणं. त्याला ते शेत हवं होतं. त्याच्या बायकोलाही त्याने ते मिळवावं असं मनापासून वाटत होतं. कारणं वेगळी होती.

थोरला आयुष्यभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. गेटमधून बाहेर पडणारी वस्तू ही चोरीचीच धरायची आणि मग उलटा पुरावा मागायचा, हे तिथलं शिक्षण त्याच्या हाडांत मुरलं होतं. पेरणी झाली, कोंब वर आले, खत पडलं, आणि पावसाची एक जोराची सर येऊन गेल्यावर सऱ्यांतलं गढूळ पाणी डुलत डुलत साडूच्या चराकडे निघालेलं त्याने पाहिलं. त्यात आपली माती होती. आपलं खत होतं. साडूच्या हसण्याचा अर्थ त्याला उभ्या उभ्या कळला. आपल्या खतावर त्याचा गहू पोसला जाणार, आणि म्हातारबा त्याची पाठ थोपटणार.

त्याने फावडं घेतलं आणि एकूण एक सरीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलं. ती माती वाळली की विटेसारखी होते. माल जागेवर राहिला.

बायकोने संध्याकाळी विचारलं, की सऱ्या बुजवल्यात असं ऐकलं, ते खरं का? कोणाकडून ऐकलंस, असं त्याने विचारलं. बहिणीकडून, ती म्हणाली. म्हणजे खालच्यांचं आपल्या सऱ्यांवर लक्ष होतं. त्याचा संशय बायकोनेच पक्का करून दिला. पाऊस आला तर मुळं कुजतील, सल्लागार बाईंनी तसं बजावलं होतं, असं ती पुढे म्हणाली. बहिणीची पढवलेली पोपटपंची, असं मनात म्हणून त्याने चहा मागितला.

पाऊस अवकाळी आला आणि पाहुण्यासारखा मुक्कामाला राहिला. वाफ्यांच्या मधलं पाणी वाफ्यांवर चढलं. गहू पिवळा पडू लागला. थोरल्याने बांधावरून खाली बघितलं, तर साडूचा गहू हिरवागार. याला एकच कारण संभवत होतं. साडूने वर येऊन काहीतरी टाकलं असणार. तेव्हापासून थोरला सकाळी छत्री घेऊन बांधावर राखणीला बसू लागला. साडू एकदा फावडं घेऊन आला, वरच्या शेताकडे बघत उभा राहिला, मान हलवून निघून गेला. मान कशासाठी हलवली, यावर थोरल्याचा तो आठवडा गेला.

आणि एके दिवशी दुपारची झोप काढून तो शेतावर गेला, तर अर्ध्या सऱ्यांची तोंडं फोडलेली. पाणी भसाभस चराकडे चाललेलं. चिखलात गमबुटांचे ठसे, इतके स्पष्ट की कारखान्यातसुद्धा असा पुरावा कधी मिळाला नव्हता. त्याने स्वतःचा पाय ठेवून पाहिला. तंतोतंत. टाचेजवळची चीरसुद्धा त्याच्याच बुटाची. घरी येऊन पाहिलं तर त्याचे बूट दाराशी ओले, ताज्या चिखलाने माखलेले. थोरला थक्क झाला. आपलेच बूट पळवून, वापरून, परत आणून ठेवण्याइतका साडू पोहोचलेला असेल, असं त्यालाही वाटलं नव्हतं. बायको मोरीत पाय धूत होती. कोणी येऊन गेलं का, असं त्याने विचारलं, तेव्हा त्याच्याकडे, मग बुटांकडे बघून ती नाही म्हणाली.

फोडलेल्या सऱ्या बुजवायला त्याच्याकडे वेळ नव्हता. उरलेल्यांवर तो दुपारीसुद्धा पहारा करू लागला. त्या तेवढ्या शाबूत राहिल्या.

गहू निसवला तसे म्हातारबा आले. मागून दोघी मुली खुर्ची घेऊन आल्या, दोघे जावई बांधावर होतेच. वरच्या शेतात त्यांनी खुर्ची ठेववली, पण ते बसले नाहीत. समोर अर्धं शेत हिरवं, ओंब्यांनी भरलेलं. अर्धं पिवळं, गुडघ्याएवढं. मधोमध आखल्यासारखी रेघ.

“ही तोंडं कोणी फोडली?” त्यांनी काठीने हिरव्या बाजूच्या सरीकडे दाखवलं.

थोरल्याची बायको काही बोलणार, इतक्यात थोरला पुढे झाला. या क्षणासाठी त्याने ठशांची मापं सुतळीला गाठी मारून ठेवली होती.

“ह्यांनी,” त्याने साडूकडे बोट केलं. “माझ्या झोपेत. माझे बूट घालून. सगळा पुरावा आहे माझ्याकडे.”

म्हातारबांनी धाकट्या जावयाकडे पाहिलं. धाकट्याने आधी थोरल्याकडे पाहिलं, मग हिरव्या गव्हाकडे, मग पिवळ्याकडे. मग तो हसला.

“हो. मीच फोडली,” तो म्हणाला. “बघवेना, बाबा.”

“मग पुढच्या वर्षापासून सगळं शेत तुम्हीच बघा,” म्हातारबा म्हणाले, आणि आता बसले.

घरी परतताना थोरल्याची बायको बांध संपेपर्यंत पुढे चालली. मग म्हणाली, “ती तोंडं मी फोडली होती. तुमचे बूट घालून. शेत हातचं जाऊ नये म्हणून.”

थोरला थांबला. “तू? मग तिथे का नाही बोललीस?”

“बोलणारच होते. तुम्ही पुरावा काढलात. नवऱ्याला स्वतःची बायको आणि स्वतःचे बूट ओळखता येत नाहीत, हे बाबांना सांगू? अजून वेळ गेलेली नाही, चला मागे. मी सांगते खरं काय ते. शेत परत मिळेल.”

थोरला विचारात पडला. पण त्याचा चेहरा उतरला नव्हता. उलट कित्येक आठवड्यांत नव्हता इतका उजळला होता.

“म्हणजे तो खोटं बोलला.”

“हो.”

“बाबांच्या तोंडावर.”

“हो, अहो. म्हणून तर म्हणते, चला.”

“छे, छे. इतक्यात नाही,” थोरला म्हणाला, आणि झपाझप पावलं टाकू लागला. “एका खोट्याने काय सिद्ध होतंय? आणखी बोलू दे त्याला.”