सावरधोंड्याला थांबलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना रेल्वेचा डबा आहे. पूर्वी मला चाकं होती. आता मी सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर बसलेला आहे. बसून राहणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांना चाकं कधी नव्हती.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका सुताराने माझ्या फळीवर त्याच्या लिपीत काहीतरी कोरून ठेवलं. ते आमच्या भागात एकालाही वाचता आलं नाही. ती शिवी असावी, असं सावरधोंड्याचे उत्तमराव म्हणत. मी मात्र आशीर्वाद समजून पूर्णा ते हिंगोली या छोट्या लाईनीवर तीस वर्षं धावलो.

धावलो हा शब्द मी जरा मोठाच वापरला. पुढच्या डब्यातून उतरायचं, रुळाकडेची बोरं ओंजळभर वेचायची आणि मागच्या डब्यात चढायचं, हे माझ्या गाडीत सहज जमे. त्याला कोणी पराक्रम म्हणत नसे. नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा मी रूळही न बदलता परभणी जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात आलो. माझ्या आयुष्यातली तेवढीच झटपट प्रगती.

श्रावणात आणि महाशिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाला जाणारी माणसं माझ्या टपावरसुद्धा बसत. त्यांना प्रवास नको असे, पोहोचणं हवं असे. मला आवडायचे ते गर्दी सरल्यानंतरचे रिकामे महिने. बाकावर आठ-दहा माणसं, वर जाळीत कुणाचं गाठोडं, खाली सोललेल्या हरभऱ्याची टरफलं. खिडकीतून तूर दिसे आणि ती तूर कोणाची, तिला यंदा शेंग कशी, हे सांगणारा माणूस शेजारीच बसलेला असे. सगळ्यांना मिळून एक इंजिन आणि एकच धूर. जागा मोकळी असली की माणसं एकमेकांना विचारतात. गर्दीत फक्त सरका म्हणतात.

सावरधोंडा हॉल्ट म्हणजे एक पाटी, एक कडुनिंब आणि तिकिटं देणारा भीमराज. इथून दर शुक्रवारी तांड्यावरची भिकाबाई चढायची. सोबत एक शेळी, कारण घरी ती बांधून ठेवली की ओरडून तांडा डोक्यावर घ्यायची. आणि कमरेला शिकेकाईची पुरचुंडी. चार हॉल्ट पुढे भिकाबाईची लेक रूपाबाई दिली होती. बाळंतपणानंतर तिचं एक अंग लुळं पडलं, ती खाटेवरच असे. तिचे केस गुडघ्यापर्यंत. दर शुक्रवारी आई जायची, ते केस सोडवायची, धुवायची, वेणी घालायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. सासरच्यांनाही ते ठाऊक होतं. त्या केसांना दुसरं कोणी हात लावत नसे.

भिकाबाईचा गुडघा धरलेला. तिला उशीर व्हायचाच. आमचे गार्ड मोहनसिंग तुरीच्या शेतात तिची लाल ओढणी दिसली की शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवत. ती कडुनिंब ओलांडून, शेळी चढवून, बसून, पाणी पिऊन झाली की झेंडी हलत असे. वेळापत्रकात हे लिहिलेलं नव्हतं. पण वेळापत्रक वाचणारं तिथं कोणी नव्हतंच.

जिल्हा झाल्यावर सगळ्यांना एकदम जाणवलं की जिल्ह्याला मोठी लाईन हवी. उत्तमराव पुढारी झाले. माणूस भला. माझ्याच बाकावर बसून, माझ्याच खिडकीवर टिचकी मारत ते मला डबडं म्हणत आणि निवेदनं लिहीत. शेवटी हिंगोलीला मोठा मोर्चा ठरला. वार शुक्रवार, वेळ सकाळी अकरा. गाडीने गेलं तर मोर्चा संपल्यावर पोहोचू, हे सगळ्यांना मान्य होतं. म्हणून फाट्यावरून सात जीपगाड्या ठरल्या.

आदल्या आठवड्यात उत्तमरावांनी भिकाबाईला माझ्यातच गाठलं.

"भिकामावशी, तुमी काहून न्हाई म्हणून राहिल्या? मोठी लाईन आली की अर्ध्या घंट्यात लेकीच्या दारात."

"शुक्रवार हाय. तिचं डोकं कोण धुईल?"

"एक शुक्रवार ऱ्हाऊ द्या की. सारं गाव येऊन राहिलं."

भिकाबाईने शेळीची दोरी आवळली. "ती मोठी गाडी आपल्या लिंबापाशी थांबल का?"

उत्तमराव मनापासून हसले. "आपल्या जिल्ह्याची गाडी, मावशी. आपल्याला सोडून जाते कुठं?"

त्या शुक्रवारी सावरधोंड्यात म्हातारीकोतारी आणि कोंबड्या तेवढ्या उरल्या. आणि त्याच सकाळी, कसलीही आगाऊ वर्दी न देता, वरून दोन साहेब आले. मोठी लाईन टाकायची तर कोणते हॉल्ट ठेवायचे, हे ठरवायला ते डोकी मोजत फिरत होते. त्यांच्या हातात छापील कागद होता आणि त्यात सावरधोंड्यासाठी एकच दिवस.

भीमराजने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, उद्या या म्हणून हात जोडले. आज गाव मोर्चाला गेलंय, असं त्याने सांगितलं.

"कशासाठी मोर्चा?" साहेबांनी विचारलं.

"रेल्वेसाठी, साहेब."

"मग रेल्वेनेच का नाही गेले?"

भीमराज हुशार. गावातल्या पोरांना तो परीक्षेचे अर्ज भरून द्यायचा. या प्रश्नावर मात्र त्याने साहेबांना आणखी एकदा पाणी दिलं.

गाडी आली. मोहनसिंगांनी परिस्थिती ओळखली. निदान चार माणसं तरी येतील, म्हणून त्यांनी गाडी धरून ठेवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तुरीतून लाल ओढणी आली. तिच्यामागे कोणी नव्हतं. मोहनसिंग तरीही थांबले, बरोबर वीस मिनिटं. भिकाबाई माझ्यात चढली. शेळीला मोजायचं का, असं धाकट्या साहेबाने विचारलं. थोरल्याने नाही म्हणून मान हलवली.

कागदावर त्यांनी लिहिलं ते भीमराजने उलट्या बाजूने वाचलं. प्रवासी, एक. त्या एका प्रवाशासाठी गाडी वीस मिनिटं विनाकारण उभी. मोहनसिंगांची सगळी माया त्या एका ओळीत आमच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली.

मोर्चा यशस्वी झाला. मोठी लाईन मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा उत्तमरावांनी माझ्या दारावर नारळ फोडला आणि माझ्याच अंगावर गुलाल उधळला. मीही खुश झालो. मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठी आहे.

मग छोटी लाईन बंद पडली. मोहनसिंगांची दुसरीकडे बदली झाली. जाताना ते माझ्यात एकटेच येऊन बसले आणि भिकाबाईच्या जागेवरची टरफलं त्यांनी हाताने झाडली. माझी चाकं काढली आणि सिमेंटच्या गोण्या ठेवायला मला इथे, हॉल्टच्या कडेला, आणून बसवलं. मोठ्या लाईनीचं काम झालं, गोण्या गेल्या. मला न्यायचं मात्र राहून गेलं.

मोठ्या लाईनीवरून पहिली गाडी आली त्या दिवशी सारं गाव लिंबाखाली उभं होतं. उत्तमरावांच्या हातात झेंडूचा हार, इंजिनाला घालायला. गाडी आली तशी न थांबता गेली. वाऱ्याने त्यांची टोपी उडून तुरीत पडली. हार आता घालायचा कोणाला, हा प्रश्न होता. शेवटी तो माझ्या दाराच्या दांडीला अडकवला. तो वाळून, गळून गेला. दोरा अजून आहे.

उत्तमरावांनी पुन्हा निवेदनं लिहिली. उत्तर एकदाच आलं, की पाहणीत प्रवासी एक आढळला. त्यानंतर ते माझ्याकडे फिरकले नाहीत. बांधावरून जाताना मान दुसरीकडे वळवतात. मला डबडं म्हणणारं आता कोणी उरलं नाही, याचंही वाईट वाटतं.

भिकाबाईने जीपचा एक प्रयत्न केला. फाटा सहा किलोमीटर, चालत. जीपमध्ये अठरा माणसं, त्यात तिला गाडी लागते. अर्ध्या वाटेत तिला उतरवून दिलं. ती दोन दिवस तिथल्या ओट्यावर पडून होती आणि लेकीच्या दारापर्यंत न पोहोचताच परत आली. तिला जपून न्यायला त्या रस्त्यावर कोणाला वेळ नव्हता.

मागच्या पावसाळ्यात भीमराज रूपाबाईच्या गावी जाऊन आला. माझ्या पायरीवर बसून त्याने भिकाबाईला सांगितलं, की रूपाबाई बरी आहे, जेवते. मग बराच वेळ तो चप्पल साफ करत राहिला.

"अन् केस?" भिकाबाईने विचारलं.

"जटा झाल्या होत्या, मावशी. त्यांनी कापून टाकले."

भिकाबाई शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला काहीतरी मागतो. मला रंग नको, माझी पूजा नको, माझ्यात वाचनालयही काढू नका. एवढंच करा. गर्दी सरल्यावर, काही घाई नसताना, एखाद्या हळू गाडीत उगीच बसा. तिच्यात कोणीतरी असं असतं, ज्याला दुसऱ्या कुठल्याच गाडीने जाता येत नाही. डोकी मोजणारे येतील त्या दिवशी तुमचं डोकं त्याच्या शेजारी असू द्या. मोर्चे दुसऱ्या दिवशीही काढता येतात.

भिकाबाई अजून दर शुक्रवारी येते. शेळीला आधी चढवते, मग स्वतः चढते आणि आपल्या खिडकीशी बसते. शिकेकाईची पुरचुंडी कमरेला असते. मोठी गाडी धडधडत जाते, माझ्या खिडक्या थरथरतात आणि भिकाबाई पाणी पिते. मग उठून घरी जाते. तिच्या जागेखालची फळी कुजली आहे, पण तिचं वजन आता फार नाही. तिच्यासाठी मी दार उघडं ठेवतो. त्याचं कौतुक करू नका. कडी गंजली आहे, ते लागतच नाही.