उशिरा आलेला हात

मित्रांनो, मी एक जुनी टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणारी पांढरी पेशी आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या काखेतल्या लसीका-गाठीत, आम्हा पेशींच्या ठाण्यात राहते. शेजारणी मला ‘मुकी’ म्हणतात. म्हणू देत बापड्या!

माझं शिक्षण बाईंच्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत झालं. तिथली परीक्षा कडक. जी पेशी आपल्याच शरीरावर धावून जाईल, तिला तिथूनच कायमचा निरोप. मी पास झाले आणि या गाठीत राहायला आले.

इथला नियम साधा आहे. पहारेकरीण पेशी अंगभर फिरून सापडलेला तुकडा आमच्यासमोर धरते. जिला तो ओळखू येईल तिने पुढे व्हायचं. पण नुसतं ओळखून भागत नाही. कुठे धोका दिसला असेल, तर पहारेकरीण आपला हात पुढे करते. तो हात हातात आला की आम्ही उठतो, एकीच्या हजार होतो, लढायला धावतो.

एकदा बोटांकडून एक पहारेकरीण आली. तिच्याजवळचा तुकडा पाहून माझा जीव फुलून आला. अहो, जन्मभर मी याचीच तर वाट पाहत होते! मी पुढे झाले. तिने मात्र हात दिला नाही. ओळख पटूनही हात मिळाला नाही, की आमच्यातलं काहीतरी कायमचं थिजतं. त्यानंतर किती लढाया झाल्या, शेजारणी वाजतगाजत गेल्या, मी तशीच बसून राहिले. फार एकटं वाटायचं. त्या पहारेकरणीचा रागही यायचा.

परवा बाईंची धाकटी बहीण कोट घेऊन आली.

“ताई, एवढं बटण लावून दे गं. मला सुईसुद्धा धरवत नाही.”

“अगंबाई, बोटं केवढी वाकलीत! डॉक्टर काय म्हणाले?”

“माझ्याच रक्तातल्या पेशी माझ्याच सांध्यांवर उठल्यात म्हणे. घरचेच उलटले, आता सांगू कुणाला?”

बहिणीच्या बोटांकडे बघता बघता बाईंच्या हातातली सुई त्यांच्याच बोटात घुसली.

मी मात्र गारठले. मला दाखवलेला तुकडाही बोटांकडूनच आला होता; तो कुणा शत्रूचा नव्हताच. तो बाईंच्या बोटाच्या सांध्यातला होता. परीक्षेत माझ्या बाबतीत कुणाची तरी नजर चुकली होती.

बोटात जंतू शिरले, बोट सुजलं, गाठीत धावपळ उडाली. तेवढ्यात एक पहारेकरीण थेट माझ्यापाशी आली. तोच तुकडा, आणि या वेळी हात पुढे केलेला! तिने माझा हात घट्ट धरला. माझा जीव टांगणीला लागला. आता मी उठले, तर बाईंचीही बोटं वाकणार, शिवण सुटणार.

मी उठले नाही. उठताच आलं नाही; तेव्हा हात न मिळाल्याने जे थिजलं होतं, त्यानेच आज मला धरून ठेवलं. तिने हात सोडला आणि ती पुढे गेली.

शेजारणींनी जंतूंचा समाचार घेतला. सूज उतरली, बाईंनी बहिणीचं बटण लावून दिलं.

मित्रांनो, तुमच्यातही कुणी कोपऱ्यात गप्प बसलेलं असेल. त्याला बिनकामाचं म्हणू नका. जाता-येता दोन शब्द बोला, बरं वाटतं. माझ्याशी अजून कुणी बोलत नाही. पण बाई सुई ओवायला बसल्या, की त्यांचा हात जराही थरथरत नाही, आणि मी इथे अगदी शांत बसून राहते.