हार आदिनाथशेठनीच घालायचा

फोटो मागायला साक्षी आली तेव्हा बबिता जळालेल्या मोटरीतून काळी पडलेली तार उपसत बसली होती. साक्षी शाळेत शिकवते, आणि धम्मशीला मॅडमच्या शोकसभेचं सगळं तिच्याच गळ्यात आलेलं. धम्मशीला मॅडम म्हणजे या भागातली पहिली बाई इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पदर खोचून खांबावर चढायच्या आणि खाली उभ्या लाइनमनला त्याच्या चुका वरून सांगायच्या.

"मावशी, मोबाइलमधले फोटो मोठे केले की फुटायलेत. तुमच्याकडं मॅडमच्या सहीचा हाय म्हणं."

"हाय ट्रंकेत. देते. पण हार आदिनाथशेठनीच घालायचा. दुसऱ्या कुणी न्हाई."

आदिनाथशेठ पाथरीतल्या मोटर दुकानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष. बबिताचं नि त्यांचं बोलणं बंद आहे, हे अख्ख्या बाजाराला माहीत.

"जुनं मिटवायलात का मावशी?" साक्षीला बरं वाटलं.

"व्हय," बबिता म्हणाली. "मिटवायलेच."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी बबिता शेठच्याच दुकानात होती. पडद्यामागं. पुढं शेठ गिऱ्हाइकांना चहा पाजायचे, मागं ही मोटरी भरायची, म्हणजे जळालेली तार काढून नव्या तारेचे वेढे द्यायची. बाईनं भरलेली मोटर कोण घेईल, असं शेठ म्हणायचे. ती कुठल्या वस्तीतली, हे मात्र तोंडानं कधी म्हणाले नाहीत. नुसता पडदा नीट सारायचे.

पिंगळी गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर दर उन्हाळ्यात जळायची. बबितानं भरल्यावर ती चार वर्षं जळली नाही. मॅडमनी ती उघडून पाहिली आणि कारागीर बघायला थेट दुकानात आल्या.

"वेढे किती दिलेत?" त्यांनी विचारलं.

शेठ खोकले. पडद्यामागून बबिता बोलून गेली, "बेचाळीस. तार एकोणीस नंबरची."

मॅडमनी पडदा बाजूला केला, तिच्याकडं पाहिलं, तिचं नाव-पत्ता लिहून घेतला आणि गेल्या. त्याच संध्याकाळी शेठनी बबिताला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. पंधरा दिवसांनी टपालानं मॅडमचा फोटो आला. खाली दोन ओळी, त्याखाली सही.

सहीचा फोटो आहे एवढं बबिता सांगायची, दाखवला मात्र कुणालाच नाही. दाखवला असता तर नवरा भांडायला गेला असता, आणि भांडण चार दिवसांत शिळं झालं असतं. तिला आधी शेठ मोठे व्हायला हवे होते. ते झाले. मॅडमचा पट्टशिष्य म्हणून, पिंगळीची मोटर आपणच भरली असं सांगत भाषणं ठोकायला लागले, तेव्हा मागच्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या हीच वाजवायची.

सभेच्या दिवशी बबितानं फोटो ऐन वेळी आणून स्वतःच मांडला. शेठ हार घेऊन त्यापुढं वाकले. चष्मा नीट केला. हात जागच्या जागी थांबले. मग त्यांनी हार घातला, पण असा खाली ओढून की झेंडूची जाड लड बरोबर अक्षरांवर बसावी.

बबिता उठून पुढं गेली. "शेठ, हार लय खाली आलाय," म्हणत तिनं तो वर सरकवला.

"राहू दे की बबिता," शेठ पुटपुटले. "किती वर्षं झाली."

"अठ्ठावीस. मॅडमनी काय लिहिलंय ते वाचून दाखवा लोकांना. तुमी पट्टशिष्य त्यांचे."

साक्षीनं हौसेनं माईक बबिताच्या हाती आणून दिला. तिला बिचारीला वाटलं, आशीर्वाद असेल.

शेठ वाचायला लागले. "पिंगळीची मोटर आदिनाथ यांच्या दुकानात... बबिता हिने भरली. मी स्वतः उघडून पाहिली. एवढं स्वच्छ काम माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही."

नाव त्यांनी पार हळू घेतलं होतं. पिंगळीचे सितारामकाका मागून कानाला हात लावून म्हणाले, "आमची मोटर कुणी भरली म्हणायलेत? ऐकू आलं न्हाई."

शेठचं वय झालं होतं, मानेवरची कातडी सैल झालेली. बबितानं ते पाहिलं. थोडं आत हललंही तिच्या. तरी माईक तिनं त्यांच्या तोंडाजवळ धरून ठेवला.

"बबितानं," शेठ म्हणाले.

"कुण्या बबितानं?" काकांनी विचारलं.

"ह्या." शेठनी बोट दाखवलं. "ह्या आपल्या बबितानं. मी न्हाई."

सितारामकाका वळून शेजारच्याला ते मोठ्यानं सांगायला लागले, तेव्हा कुठं बबिता आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.